‘डेडिकेटेड’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार, पुणे
एसीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. मूळ वाक्यात ‘डेडिकेटेड सर्किट’ वापरा असं आहे. मी ‘स्वतंत्र लाइन’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘समर्पित परिपथ’ केलं. शब्दसूचीत तसंच आहे म्हणे. वाचणाऱ्याला यातून काय कळणार? तुम्ही काय लिहिता?

वायरिंगवाला, नाशिक
स्वतंत्र लाइन बरोबर. दीड टनाच्या एसीला बोर्डापासून वेगळी वायर ओढतात, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि त्या वायरीवर दुसरा प्लग काढत नाहीत. साइटवर ‘एसीची लाइन वेगळी घे’ एवढंच बोलतात. न कळल्यामुळे कुणी त्याच लाइनवर गिझर जोडला तर वायर तापेल. हा मजकूर एका वाचनात कळायलाच हवा.

निवृत्त शिक्षक, सातारा
‘स्वतंत्र’मध्ये अर्धा अर्थ निसटतो. स्वतंत्र म्हणजे इतरांपासून वेगळं. डेडिकेटेड म्हणजे एकाच कामाला लावलेलं. आपल्याकडे ‘वाहिलेला’ आहे की! ‘बालसाहित्याला वाहिलेला अंक’ आपण सर्रास लिहितो. माणसाच्या बाबतीत ‘वाहून घेणं’: महर्षी कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाला वाहून घेतलं. देवाला बेल वाहतात तोच हा शब्द, आणि लॅटिन ‘डेडिकारे’सुद्धा देवाला अर्पण करण्याचाच. किती सुंदर जुळतं!

मंत्रालयात नोकरी
‘समर्पित’ला उगाच झिडकारू नका. 2020 मध्ये ‘समर्पित कोविड रुग्णालय’ रोज छापून येत होतं. उत्तर प्रदेशातल्या दादरीहून नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराला येणारा मालगाड्यांचा मार्गही ‘समर्पित मालवाहतूक मार्गिका’च. शब्द रुळलाय.

लातूरकर
कागदावर रुळलाय. आमच्याकडे सगळे ‘कोविडचा दवाखाना’ म्हणायचे. हिंदीतली संज्ञा जशीच्या तशी उचलायची आणि तिला मराठी म्हणायचं, हे मला मान्य नाही. मालगाड्यांसाठी ‘राखीव’ मार्ग म्हणा, कुणालाही कळेल.

मंत्रालयात नोकरी
‘राखीव’ म्हटलं की लोकांना आरक्षण आठवतं. आणि संस्कृत शब्द हिंदीने आधी वापरला म्हणून तो आपला राहत नाही का?

गडहिंग्लजची
सातारच्या सरांना सांगायचंय. आमच्या भागात मुलगी देवीला ‘वाहिली’ असं कुणी बोलत नाही, ‘सोडली’ म्हणतात. 1934 चा मुंबई इलाख्यातला देवदासी कायदा अशा ‘डेडिकेशन’विरुद्धच होता, आणि 2005 मध्ये महाराष्ट्राला पुन्हा कायदा करावा लागला. त्यामुळे देवाला वाहण्याशी नातं जुळलं म्हणून शब्द सुंदर, हे मला पटत नाही.

निवृत्त शिक्षक, सातारा
तुमचं म्हणणं रास्त आहे. पण पोळही, म्हणजे बैलही, देवाला ‘सोडतात’. सोडलेला मोकळा फिरतो, वाहिलेलं मात्र बांधलेलं असतं. दोन्हींचा अर्थ वेगळा.

गडहिंग्लजची
कुठली मोकळी, सर? सोडलेल्या मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधतात. ते बांधलं की लग्न नाही. माझ्या आजीच्या शेजारच्या बाईंच्या गळ्यात ते शेवटपर्यंत होतं. शब्द ‘सोडणं’, आणि रीत बांधण्याची.

निवृत्त शिक्षक, सातारा
‘दर्शन’ हा शब्द या अर्थानं मला नवा आहे. सौंदत्तीकडे कानडीत ‘मुत्तु’ बांधतात असं ऐकलंय. दोन्ही एकच का?