पाळी ‘गेली’ नाही, ‘जायलीय’: याला नाम कोणतं?

गोदाकाठची
गंगाखेडजवळ आमच्या बचत गटाचं आरोग्य शिबिर आहे. पत्रकाचा मजकूर वरून तयार आला, तो ‘सोपा करायचं’ काम माझ्या गळ्यात पडलं. पाळी कायमची थांबण्याआधीची जी काही वर्षं असतात त्यांना त्यात ‘परिरजोनिवृत्ती’ म्हटलंय आणि पहिलं लक्षण ‘उष्ण लहरी’. गटात वाचून दाखवलं, तर एकीने विचारलं, “म्हंजे दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, तेच ना?” परभणी जिल्ह्यातला मे महिना, तिचं काय चुकलं!

मग आमच्या चुलतसासूबाई बोलल्या. “वाफा म्हण की. पोटातून निघतेत अन् कानाच्या पाळीपस्तोर जातेत. दोन मिनिटं. मग पोलकं वलं अन् उलटी थंडी वाजायली.” वर्षभर त्या रात्री तीनला उठून शहाबादी फरशीला पाठ लावून पडत होत्या. घरात कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

‘वाफा’ पक्कं केलं. पण त्या काळाला काय म्हणू? बायका म्हणतात ‘पाळी जायलीय’. हे क्रियापद. मथळ्याला नाम पाहिजे.

शुद्धमती
परिरजोनिवृत्ती हेच बरोबर. संस्कृत ‘परि’ आणि इंग्रजी ‘पेरिमेनोपॉज’मधला ग्रीक ‘पेरी’ हे सख्खे भाऊ आहेत, तेव्हा शब्द उसना म्हणून नाक मुरडू नका. आणि ‘जायलीय’ ही बोली आहे. छापताना ‘जात आहे’.

उदगीरचा
ताई, भाऊ सख्खे असतील, पण आमच्या दारात आले तर वळखू येणार नाहीत. अन् ‘जात आहे’ म्हंजे हे आत्ता, या घटकेला. ‘जायलीय’ म्हंजे लई दिवसांपासून चालू हाय, मधीच थांबतंय, पुन्हा येतंय, संपता संपंना. डॉक्टर लोकांना त्यासाठी उपसर्ग लागला, आमचं क्रियापदातच भागलं.

सिस्टर_रात्रपाळी
उदगीरच्या दादांचं पटलं, पण पत्रकात ‘जायलीय’ नको. ‘अंगावर जायलंय’ हे आपल्याकडे पांढऱ्यालाही म्हणतात आणि लालालाही. मी पूर्वी होते तिथे एक बाई “लई जायलीय” म्हणून आली. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘पाळी बंद होत आली आहे’. गोळ्या देऊन घरी. तिला तासाला एक घडी बदलावी लागत होती. पुन्हा आली तेव्हा हिमोग्लोबिन 6. एका क्रियापदाने बाई मेली असती.

शब्द कोणताही घ्या, खाली एवढं मात्र लिहा. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येणं, झोप मोडणं, छातीत धडधड, चिडचिड, सांधे धरणं, विसरायला होणं, अंग कोरडं पडणं हे या काळात होतं. पण धडधड, थकवा थायरॉइडने आणि रक्त कमी झाल्यानेही होतात, म्हणून दोन्ही तपासून घ्यायचं. ओळीने 12 महिने पाळी आली नाही तरच ‘गेली’ म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात. आणि गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. आपल्याकडे सरासरी 46-47 वयाला पाळी जाते, म्हणजे हे सगळं चाळिशीतच सुरू होतं. वाफांचा फार त्रास असेल तर औषधं आहेत, हार्मोनची गोळी कुणाला चालते, कुणाला नाही, ते डॉक्टर ठरवतील. सुती कपडे आणि संध्याकाळचा चहा बंद, हे मात्र स्वतःवर करून पाहिलंय. फरक पडतो.

शुद्धमती
माहिती उत्तम. मग ‘रजोनिवृत्तीचा संधिकाल’ कसं वाटतं?

गोदाकाठची
चुलतसासूबाईंना ऐकवलं. “संधिवात? तो तर हायेच,” म्हणाल्या.

बालाघाट
शब्दांवरच चाललंय म्हणून सांगतो. आमच्या बीडकडे ऊसतोडीच्या बायका ‘पाळी गेली’ म्हणतच नाहीत. ‘मोकळी झाले’ म्हणतात, म्हणजे पिशवी काढली. 2019 साली गाजलं, नीलम गोऱ्हे यांची समिती आली, 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाळीमुळे खाडा झाला तरी उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, दंड. आमची मावशी पस्तिशीत ‘मोकळी’ झाली. छत्तिसाव्या वर्षापासून वाफा. बीजकोशही काढले होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पत्रकात या बायकांना कोणत्या शब्दात बसवणार? त्यांची ‘जायलीय’ झालीच नाही.

वखरवाला
गंभीर विषयात घुसतो, माफी. पण मूळ शब्द ‘पाळी’ आहे, तो कुणी बघत नाही. शेतात वखराची पाळी, कालव्याची पाणीपाळी, नोकरीत रात्रपाळी. बाईच्या पाळीचा उगम वखरातच असणार. पाळी घातली की रान पेरणीला तयार!

उदगीरचा
दादा, मग कानाची पाळी कोणत्या वखराची?

शुद्धमती
‘पाळी’ म्हणजे क्रम, ओळ. शेताचा काही संबंध नाही. आणि आमच्याकडे त्या अवजाराला कुळव म्हणतात.

वखरवाला
कुळव वेगळा, वखर वेगळा! फास, म्हणजे खालची लोखंडी पात, बघा दोन्हींची.

शुद्धमती
‘फास’ नव्हे, ‘पास’.

गोदाकाठची
सोमवारी छापायला द्यायचंय. सासूबाईंनी सुचवलेला मथळा ‘पाळी मागं-पुढं व्हायचं वय’ असा आहे. नाम आहे का हे?

सिस्टर_रात्रपाळी
आहे. द्या.

वखरवाला
पास म्हणणाऱ्यांनी कधी रुमणं धरलंय का, एवढंच सांगा.