कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून पाहावे की पडद्यावर?

प्रश्न (खानापूरकर):
गोकाक धबधब्याचे छायाचित्र भर दुपारी काढताना माझ्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या पडद्यावर उन्हामुळे जवळजवळ काहीच दिसेना. नेत्रिकेतून (डोळा लावून पाहायच्या छोट्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून) पाहिले तर दृश्य स्वच्छ दिसले, पण घरी आल्यावर धबधब्याचे पाणी पांढरेफटक उमटलेले आढळले. असे का व्हावे?

उत्तर (निपाणीकर):
नेत्रिकेत भिंगातून आलेला प्रकाशच आरशावरून आणि वरच्या लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून ते दृश्य उन्हातही स्पष्ट असते. मात्र संवेदकावर (चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर) प्रकाश किती पडणार, हे त्यात दिसत नाही. पडद्यावर संवेदकाने टिपलेले चित्र येत असल्याने उजेडाचा अंदाज आधीच बांधता येतो. ५२ मीटरांवरून कोसळणाऱ्या फेसाळ पाण्यावर ऊन असेल, तर एक छायाचित्र काढून, सावलीत हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेडाचा आलेख) पाहावा आणि तो आलेख उजव्या, म्हणजे उजळ, कडेला टेकला असेल तर एक्स्पोजर (संवेदकावर पडणारा प्रकाश) थोडे उतरवावे. मी स्वतः नेत्रिकाच पसंत करतो, कारण कॅमेरा कपाळाला टेकल्याने हात स्थिर राहतो आणि बॅटरीही पुष्कळ वाचते.

उत्तर (येळ्ळूरकर):
चष्मा असल्यास नेत्रिकेशेजारची छोटी चकती, आतले आकडे रेखीव दिसेपर्यंत, अवश्य फिरवून घ्यावी. शिवाय अनेक स्वस्त डीएसएलआरच्या नेत्रिकेत चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो, त्यामुळे कडेला नको असलेली फांदी छायाचित्रात शिरते. राजहंसगडाची तटबंदी तिपाईवरून टिपताना मी म्हणूनच पडदा वापरतो.

खानापूरकर:
मनःपूर्वक आभार. चकती आजवर फिरवलीच नव्हती. आता आकडे लख्ख दिसतात.