मदत हवी आहे: आजीचं आयुष्मान कार्ड, इंदूर

नमस्कार काका-काकू, मी अकरावीत आहे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, ही योजना ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. बातमी वाचून मी जाम खूश! पण ५ लाख माणशी नाहीत, घरातल्या सगळ्या ज्येष्ठांत मिळून. म्हणजे आजी-आजोबांनी आजारपणंही वाटून घ्यायची?

असो. अडचण अशी की आजीच्या आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद झालाय, ओटीपी येत नाही. बोटांचे ठसे भांडी घासून पुसट झालेत, मशीन घेतच नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवून कुणी कार्ड काढलंय का? राजवाड्याजवळ कुठे होईल? आजीला जिने चढवत नाहीत.