सर्व्हेत ४.१ गुण, आणि चवथीनंतर नऊ जण परतलेच नाहीत

वेर्णेकरीण:
गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी एचआरमध्ये आहे, चौथं वर्ष चालू आहे. नाव सांगत नाही. दरवर्षी आम्ही कामगारांचा अभिप्राय घेतो. २४ प्रश्न, एक ते पाच गुण. गेल्या वर्षीपर्यंत फॉर्म इंग्रजीत असायचा. यंदा मी हट्टाने मराठीत करून घेतला, कारण आमच्या पॅकिंगमधली बरीच मुलं सत्तरी-डिचोलीची, शाळा मराठीत झालेली. सरासरी ४.१ आली. वरच्यांनी ग्रुपवर अभिनंदन केलं, मलाही बरं वाटलं.

मग चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी झाली आणि पॅकिंगचे नऊ जण परत आलेच नाहीत. फोन केले तर उत्तर एकच: "घरची अडचण." नऊच्या नऊ घरी एकाच आठवड्यात अडचण?

तेव्हापासून फॉर्मचे गठ्ठे काढून बसते आहे. बहुतेक प्रश्नांना वरून खालपर्यंत चार, चार, चार. शेवटी "आणखी काही सांगायचे आहे का?" अशी मोकळी जागा होती, ती बहुतेकांनी कोरीच सोडली. काहींनी "नाही", काहींनी "ठीक". अकरा जणांनी नुसतं "बस" लिहिलं. एक्सेलमध्ये आम्ही हे सगळं "सूचना नाही" या रकान्यात टाकलं.

या कागदांत मला न दिसलेलं काय आहे? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा. मुलं गेली याचं मला खरंच वाईट वाटतंय.

जुना पर्सोनेल:
ताई, मी कुंडईच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो, आता निवृत्त. आधी एक विचारतो. फॉर्मवर विभाग, शिफ्ट आणि नोकरीची वर्षं, तिन्ही लिहायची होती का? असतील तर सहा जणांच्या लाइनवर ते नाव विचारल्यासारखंच झालं. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढू नये हा संकेत त्यासाठीच पाळतात. आणि फॉर्म भरताना सुपरवायझर कुठे होता? तो टेबलाशी उभा असेल तर तुमचे ४.१ हे सुपरवायझरला दिलेलं उत्तर आहे, तुम्हाला नव्हे.

एंगेजमेंट, म्हणजे कामात मन गुंतणं, या शब्दाचा आज फार वापर होतो. विल्यम कान यांनी तो १९९० साली एका शोधनिबंधात मांडला, तेव्हा ते माणसांना गुण देत नव्हते. उन्हाळी शिबिरातले कार्यकर्ते आणि एका आर्किटेक्ट फर्ममधली माणसं कामात स्वतःला कधी ओततात आणि कधी आखडून घेतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांना तीन गोष्टी दिसल्या: काम अर्थाचं वाटणं, मोकळं वागलं तर अंगाशी येणार नाही ही खात्री, आणि कामाला लागताना अंगात-मनात त्राण शिल्लक असणं. या तिसऱ्या गोष्टीकडे कारखान्यात कोणी बघत नाही. माणूस कामावर येतो तेव्हाच दमलेला असेल तर त्याला प्रोत्साहनाची भाषणं देऊन काय होणार?

दुसरी गोष्ट संशोधक एमी एडमंडसन यांची. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या औषधं देण्यातल्या चुका तपासल्या. जिथे टीम चांगली, तिथे चुकांची नोंद जास्त निघाली! चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तिथल्या नर्स त्या सांगायला घाबरत नव्हत्या म्हणून. म्हणून तक्रारींनी भरलेला फॉर्म पाहून मला कधी भीती वाटली नाही. सगळीकडे चार दिसले की वाटायची.

आणि प्रश्न आपण ठरवायचे हीच मोठी अडचण आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८पासून वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांकडे ठरलेले प्रश्न होते, पण कामगार त्या प्रश्नांवरून घसरून भलतंच बोलू लागायचे. शेवटी प्रश्न बाजूला ठेवून त्यांना बोलू दिलं. त्यांना जे सांगायचं होतं ते त्या 'भलत्या' बोलण्यात होतं. तुमच्या २४ प्रश्नांत कामगाराचा स्वतःचा प्रश्न एक तरी आहे का, ते बघा.

कळंगुटचा किचनवाला:
हॉटेलात आमचा फॉर्म मे महिन्यात येतो. सीझनला घेतलेली कंत्राटी पोरं तोवर आपापल्या गावी गेलेली असतात. राहिलेल्यांना विचारतात, राहायला कसं वाटतं? तुमच्या त्या नऊ जणांचे फॉर्म गठ्ठ्यात आहेत, पण त्यांच्याशी आता कोण बोलतंय? "घरची अडचण" एचआरला सांगतात. लाइनवरच्या मित्राला दुसरं काही सांगितलं असेल.

होंड्याचा:
मॅडम, मी तुमच्या कंपनीत नाही, पण वेर्ण्यालाच दुसरीकडे ऑपरेटर आहे, दुसरी शिफ्ट. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

ते "बस" म्हणजे पुरे नव्हे. बस.

आमची शिफ्ट रात्री ११ ला सुटते. कंपनीची बस फोंड्यापर्यंतच. तिथून उसगाव, होंडा, वाळपईला जायला त्या वेळी काही मिळत नाही. कोणाचा तरी भाऊ स्कूटर घेऊन येतो, पावसात रेनकोट घालून एका स्कूटरवर तिघे. घरी पोचून जेवेपर्यंत एक वाजतो. तुमच्या पोरांचंही हेच असेल असं मला वाटतं, कारण फोंड्याला रात्री आम्ही सगळ्या कंपन्यांचे एकत्रच उभे असतो.

हे बोललं का नाही म्हणाल. बोललं होतं. आमच्याकडे दोन वर्षांमागे एकाने मीटिंगमध्ये उभं राहून बस मागितली. त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, "जवळ खोली घेऊन राहा." त्यानंतर फॉर्म आला की आम्ही चार वर टिक करून मोकळे होतो. कोणी एक शब्द लिहिला असेल तर तोही धीर करूनच लिहिला असणार. पूर्ण वाक्य लिहिलं तर अक्षर ओळखतात.

वेर्णेकरीण:
दादा, वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

गठ्ठा परत काढला. नावं शोधली नाहीत, फक्त शिफ्टचा रकाना पाहिला. अकराच्या अकरा फॉर्म दुसऱ्या शिफ्टचे. फॉर्म मराठीत करा म्हणून मी भांडले, आणि मराठीत आलेला शब्द मलाच वाचता आला नाही.

सर, सुपरवायझरबद्दल विचारलंत. हो, तो टेबलाशीच होता. तसं मीच सांगितलं होतं, फॉर्म हरवू नयेत म्हणून. शिफ्ट आणि नोकरीची वर्षं दोन्ही विचारली होती. पुढच्या खेपेला वर्षं काढून टाकते आणि कॅन्टीनबाहेर बंद पेटी ठेवते.

बसचा फाटा वाळपईपर्यंत न्यायला काय खर्च येईल याचं कोटेशन आज ट्रान्सपोर्टवाल्याकडे मागितलंय. मंजूर होईल की नाही, आज सांगता येत नाही. पण आज रात्री ११ च्या बसने मी फोंड्यापर्यंत जाते आणि तिथे थांबते. तुम्ही तिथे असाल तर भेटा. त्या नऊ जणांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर मी स्वतः येऊन बोलू इच्छिते एवढं त्यांना सांगा.

होंड्याचा:
असतो मॅडम. बसस्टँडच्या बाहेर, स्कूटरी लावतात तिथे.