मदत हवी आहे: ८० सेंमीच्या अडथळ्यावर घोडी घाई करते, पुढच्या पायांनी पोल पाडते

रेवदंडा_रिकीब:
घोडी काठियावाडी, उंची १४.२ हँड (१४ हँड २ इंच, एक हँड म्हणजे चार इंच), आठ वर्षांची. मैदान ५० बाय २५ मीटर, जांभ्याची कडक माती, वर रेतीचा पातळ थर. ६० सेंमी आरामात घेते. ८० लावले की शेवटच्या तीन पावलांत पळत सुटते, फार जवळून उठते आणि पोल पाडते. स्वाराचा खांदाही तेव्हाच पुढे पडतो. अंतरं किती ठेवू? ओहोटीला पुळणीवर उड्या घेतल्या तर चालेल का?

खोगीर:
पंधरा दिवस ५०-६० वरच राहा. आधी अडथळ्याखालचा जमिनीवरचा पोल बघा. घोडी येते त्या बाजूला, २० सेंमी पुढे हवा. तो मागे सरकला असेल तर घोडी उठायची जागा त्याच्यावरून ठरवते आणि अडथळ्याच्या पोटात शिरते.

मग ट्रॉटचे (दुडक्या चालीचे) चार पोल जमिनीवर, १.२ मीटरवर. एक फेरी झाली की वाकून रेतीतले ठसे बघा. खूर दोन पोलांच्या मधोमध पडायला हवा. पुढच्या पोलाला चिकटत गेला तर अंतर १० सेंमी वाढवा. चौथ्या पोलापासून २.४ मीटरवर ४० सेंमीचा क्रॉस (फुलीसारखे तिरपे दोन पोल), तिथून ५.२ मीटरवर ५० सेंमीचा व्हर्टिकल (आडव्या पोलांचा सरळ उभा अडथळा), मध्ये कँटरचं (संथ दौडीचं) एकच पाऊल. व्हर्टिकलनंतर २.७ मीटरवर जमिनीवर आणखी एक पोल टाका. तो दिसला की घोडी मान खाली घेते, पाठ गोल करते, आणि घाई आपोआप उतरते.

लगाम ओढून थांबवू नका, ओढाल तेवढी ती जोर लावेल. घाई जाणवली तर सहा पावलं आधीच वर्तुळ घ्या. दोन पावलांवर वळवलंत तर अडथळा टाळायलाच शिकेल.

आयाळ:
स्वाराचं दुखणं वेगळं नाही. घोडी पुढचा भाग उचलते नेमक्या त्याच क्षणी खांद्याचं वजन तिच्यावर पडतं. रिकीब दोन भोकं वर घ्या, मानेच्या मध्यावर आयाळ धरा, घोडी उठेपर्यंत छाती उघडी. २० मीटरच्या वर्तुळावर चार पोल टाकून कँटर करा, पावलं मोठ्याने मोजा. चारही भागांत आकडा सारखाच आला पाहिजे.

सुरूबन:
पुळणीवर उड्या नकोच. वरून घट्ट दिसते, पण मध्येच खूर रुततो आणि स्नायूबंध ताणतो. ओल्या घट्ट पट्ट्यावर ट्रॉट चालेल, कोरड्या भुसभुशीत रेतीत तोही नको. परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, खोगिराखालचं खारं पाणीही. जांभा कडक, म्हणून आठवड्यात दोनच दिवस, दर वेळी वीस-पंचवीस उड्या.

सुरूचे वासे वापरत असाल तर ३ मीटर लांब, १० सेंमी जाड, साल काढलेले. सुंभाने बांधायचे नाहीत, खिळाही नको. पाय लागला की वासा पडलाच पाहिजे.

रेवदंडा_रिकीब:
खालचा पोल अर्धा फूट मागेच होता. पुढे घेतला, ६० वर आज ती दूरून उठतेय. वासे मात्र सुंभानेच बांधलेले होते, आत्ता सोडतोय.