बाळ दहा महिन्यांचं, छातीत गाठ लागतेय. दुधाचीच असेल का?

तासगावची_सून
वय 32, दुसरं बाळंतपण. बाळ अजून अंगावर पितं. डाव्या बाजूला काखेकडं एक गाठ हाताला लागते. दुखत नाही. महिना तरी झाला असेल. सासूबाई म्हणतात दूध साकळलंय, शेक घे, कोबीची पानं बांध. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या, गाठ आहे तिथंच. ते म्हणाले, अंगावरचं तोडलं की जिरेल. बागेत छाटणी सुरू आहे, मजुरांचं जेवणखाण माझ्याकडं, त्यामुळं मिरजेच्या दवाखान्याचा विषय काढला की "एवढं काय झालंय?" होतं. शिवाय मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) केली की दूध पाजता येत नाही म्हणे, आणि बाळ बाटली तोंडात धरत नाही. थांबू का?

पलूसची_ताई
नको थांबूस. छाटणी दरवर्षी येते.

मला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा मी पस्तिशीची, धाकटा तीन वर्षांचा. त्याचं दूध तुटून वर्ष उलटलं होतं, तरी गाठ "दुधाचीच"! आमच्याकडं बाईच्या छातीत काहीही झालं की खापर दुधावर. ट्रिपल निगेटिव्ह निघाला, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत तो प्रकार. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. आज घरचं सगळं करते, डेअरीला दूधही मीच घालते.

मला एकच प्रश्न छळायचा. दोन पोरं झाली, दोघांना भरपूर पाजलं, मग मलाच का? कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी नीट सांगितलं. मुलं झाल्यानं धोका कमी होतो हे खरं, पण तो फायदा पदरात पडायला वीसेक वर्षं जातात. बाळंतपणानंतरच्या वर्षांत धोका उलट थोडा वाढलेला असतो, पाचेक वर्षांच्या सुमाराला सगळ्यात जास्त. पहिलं मूल उशिरा झालं असेल तर आणखी. दूध तुटल्यावर दुधाच्या ग्रंथी मोडतात आणि आतली सगळी डागडुजी होते, जखम भरून येताना होते तशी. त्या गडबडीत आधीपासून दबून बसलेल्या वाईट पेशींना वाव मिळतो, असं संशोधकांना वाटतं. घाबरू नकोस, या वयात हा आजार मुळात कमीच. पण कमी म्हणजे नाहीच, असं धरून चालणारी माणसं मला भेटली, म्हणून एवढं लिहितेय.

एक कर. बाळाला पोटभर पाजून झालं की चाचपून बघ. दुधाची गाठ बहुतेक वेळा मऊ पडते, कमी-जास्त होते. दोन आठवड्यांत गेली नाही तर ती दाखवायचीच. तुझी तर महिनाभर तशीच आहे.

कराडचा_पाटील
आमच्या पाहुण्यांत एकीला लेपानं गाठ गेली होती. पत्ता देऊ का?

पलूसची_ताई
दादा, ती गाठ कसली होती हे कुणी तपासलं होतं का? नसेल तर पत्ता राहू दे.

मिरजेची_सिस्टर
मी सोनोग्राफी विभागात आहे. पाजणाऱ्या बाईची पहिली तपासणी सोनोग्राफीच असते, तिच्यात किरण नसतात. पुढं मॅमोग्राफी लागली तरी किरण दुधात उतरत नाहीत, घरी जाऊन लगेच पाजा. फक्त आत यायच्या आधी पाजून या, छाती रिकामी असली की चित्र स्पष्ट येतं.

गाठीत शंका वाटली तर सुईनं तुकडा काढतात, कोअर बायोप्सी. तीही पाजत असताना करता येते. क्वचित सुईच्या जागेतून थोडे दिवस दूध झिरपतं, तेवढंच. लॅबच्या कागदावर "स्तनपान चालू" असं लिहून घ्या, कारण दूध असताना पेशी मुळातच वेगळ्या दिसतात. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते रिपोर्टनं सांगावं, शेजारणीनं नाही.

तासगावची_सून
ताई, आणि वाईट निघालं तर? बाळाला दुधातून काही गेलं असेल का? पैशाचं कसं केलंत?

पलूसची_ताई
दुधातून बाळाला कॅन्सर लागत नाही. केमो सुरू करायची वेळ आली तर मात्र पाजणं थांबवावं लागतं, कारण ती औषधं दुधात उतरतात. ते तेव्हा बघू, आत्तापासून तोडू नकोस. पैशाचं म्हणशील तर माझे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झाले. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेट. आणि आई, मावशी, आत्या, बहीण यांत कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग. माझ्या आत्याचं माझ्या घरात कुणी बोलतच नव्हतं.

तासगावची_सून
हे सगळं नवऱ्याला वाचायला दिलं. शुक्रवारी जातोय, मजुरांचा स्वयंपाक जाऊबाई बघणार. बाळाला घरी ठेवू का?

मिरजेची_सिस्टर
सोबत आणा, म्हणजे नंबर यायच्या आधी पाजता येईल. बाळाला धरायला कुणीतरी घ्या. पुढून उघडणारा ब्लाउज घाला आणि आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी विसरू नका.