चहा आला की सिगरेट आठवते, काय करू?

वय 24, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. सिगरेट सोडलीय. घरी काही होत नाही, पण रात्रपाळीत टपरीवर चहाला गेलो की हात आपोआप खिशाकडं. सुटी सिगरेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी, पण टपरीवाल्यानं लायटर दोरीला बांधूनच ठेवलाय! आईवर परवा उगाच खेकसलो. निकोटिनचं च्युइंगम आणलंय, त्यानं नुसता घसा जळतो.

— भावा, बबलगमसारखं चावतोयस काय? सावकाश चार-पाचदा चाव, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेव. त्या गेल्या की परत चाव. आणि चहा घेतल्यावर 15 मिनिटं थांब, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही.

— चहाही कमी कर रे. सिगरेट सुटली की कॅफिन अंगात जास्त वेळ टिकतं, चिडचिड त्यानंही वाढते. बाकी पहिला आठवडा जास्त जड जातो. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

— दादा, ताई, गम गालात ठेवलं, घसा गप्प आहे. चहाला आता कँटीनला जातोय. पाणचट असतो लेकाचा, पण तिथं कुणी ओढत नाही.